न वाटलेल्या लाटा

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले आणि शहरात खुर्च्यासुद्धा मराठी, तेलुगू, कानडी झाल्या. हिमायतनगरच्या सरकारी अतिथीगृहात सामानाची वाटणी करायला एक साहेब आले. त्यांचं नाव मला कळलं नाही. मोजपट्टीचं दुसरं टोक धरणाऱ्या कारकुनाने ते विचारायचं नसतं. प्रत्येक वस्तू ते आधी बोटाने वाजवत आणि मग मान डोलवत, जणू तिने रुकार दिला.

दिवाणखान्याच्या भिंतीवर जुन्या मालकाने हौसेने आणवून चिकटवलेला जपानी कागद होता. लाकडी ठशाला अभ्रकाचा रंग लावून, तळहाताने दाबून त्यावर लाटा छापल्या होत्या.

"इसके भी तीन हिस्से," साहेब म्हणाले.

म्हाताऱ्या खानसाम्याचा चेहरा पडला. "नक्को साब, निकालते निकालते फट जाता!"

साहेबांनी खुणेसाठी खडू उचलला, पण लाटा सापडेनात. अभ्रकच ते, खालून तिरपं पाहिलं तरच चमकणार. साहेब वाकले की लाटा यायच्या, उभे राहिले की जायच्या.

"साब, कमर में लचक आई क्या?" खानसाम्याने काळजीने विचारलं.

शेवटी साहेबांनी जमिनीवरच बैठक मारली. समोर सगळी भिंत हलू लागली. त्यांनी खडू खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उभं राहून जे दिसत नाही, ते सरकारी कसं असेल? साधी पांढरी भिंत आहे. चला पुढे."

मी पुढच्या खोलीत गेलो. साहेब काही उठले नाहीत. खानसाम्याने न सांगता चहा आणला आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर ठेवला.