इंटरकूलरवर संपलेले दोन स्प्रे

मुलीच्या हॉकी संघाच्या औषधांच्या पिशवीतले दोन्ही थंड स्प्रे मी माझ्या गाडीवर मारून संपवले आणि त्याचा ठपका तिच्यावर आला तेव्हा शेजारी उभा राहिलो. नुसता गप्प उभा राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी तोंड उघडलं, आणि जे बोललो ते गप्प बसण्यापेक्षा वाईट होतं.

पण आधी गाडीचं सांगायला हवं. आयुष्यभर मी दुसऱ्याने वापरलेल्या गाड्या चालवल्या. ही पहिली नवी, आणि तीही टर्बो. घेतली तेव्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या ऑफिसात मी इतक्या जणांना टर्बो म्हणजे काय ते समजावून सांगितलं, की लोक माझ्या टेबलाजवळून जायचं टाळायला लागले. थोडक्यात असं, की टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, म्हणून छोटं इंजिन मोठ्यासारखं पळतं. पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत दम नसतो. म्हणून ती इंजिनात जाण्याआधी एका जाळीतून गार करून सोडतात. ती जाळी म्हणजे इंटरकूलर. पुढच्या बंपरच्या आत बसलेली असते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर गार होते. आता ग्वाल्हेरच्या मे महिन्यात समोरून कसला वारा येतो, ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

त्या मे महिन्यात माझा साडू पुण्याहून नया बाजारात सासुरवाडीला आला होता. भर दुपारी त्याला किल्ला बघायची हुक्की आली. आम्ही पाच जण, एसी पूर्ण, आणि वर जाणारा उभा चढ. गाडी मधेच अशी धापा टाकायला लागली की मला तिची दया आली.

"साडूभाऊ," मागून आवाज आला, "उतरून धक्का मारू का?"

"बाहेर पंचेचाळीस आहे. उन्हात टर्बो थोडा..."

"नाही, नाही, छान आहे. टांग्यातून गेल्यासारखं वाटतंय. सगळं नीट बघता येतं."

मेहुणी खो खो हसली. बायको खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून पन्नाशीला आलेल्या माणसाने काय करावं? मी त्या संध्याकाळी मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो. एकात शर्यतीची गाडी सुटण्याआधी दोन पोरं तिच्या इंटरकूलरवर दाबलेल्या गॅसचे डबे उलटे धरून फवारत होती. डबा उलटा धरला की आतला गॅस द्रवच बाहेर येतो आणि जिथे पडेल तिथे बर्फ धरतो. जाळी गार, हवा गार, गाडी सुसाट.

दुसऱ्या दिवशी महाराज बाड्याच्या बाजारातून कीबोर्ड साफ करायचा गॅसचा डबा आणला. घराखाली गाडी उभी करून बंपरच्या जाळीतून तो उलटा मारला. आत पांढरी साय धरली आणि मी "वा!" म्हणेपर्यंत वितळून गेली. डबाही संपला. पण ती साय डोळ्यांसमोरून हलेना. साडूला पुढच्या सकाळी परत वर न्यायचं मी कबूल करून बसलो होतो, आणि दुकान तोपर्यंत उघडणार नव्हतं.

तेव्हा डिकीतल्या पिशवीची आठवण झाली. आमची मुलगी तिच्या संघाची कप्तान. पिशवी सरांनी, म्हणजे त्यांच्या कोचने, तिच्या ताब्यात दिलेली, आणि तिला मैदानावर मी सोडतो म्हणून पिशवीचा मुक्काम माझ्या डिकीत. मुका मार लागला की घोट्यावर मारतात ते दोन स्प्रे त्यात होते. मी चढाच्या पायथ्याशी 'जरा टायर बघतो' म्हणून उतरलो आणि दोन्ही स्प्रे इंटरकूलरवर मोकळे केले. रिकाम्या डब्यांना टोपणं लावली, पिशवीत जागच्या जागी ठेवले. ती टोपणं मी नीट दाबून बसवली होती. ते आठवलं की अजून कसंतरी होतं.

गाडी पळाली. मला तरी तसं वाटलं. वर पोचल्यावर मी साडूकडे बघितलं.

"आज बरी चालली," तो म्हणाला. "सकाळची हवा गार आहे ना."

नवे स्प्रे उद्या आणू म्हटलं. मग साडूची परतीची गडबड, ऑफिस, आणि मी चक्क विसरलो.

झाशीच्या मुलींशी सामना होता. उत्तरार्धात आमच्या लेफ्ट विंगला, किला गेट भागात राहणाऱ्या एका चपळ मुलीला, घोट्यावर चेंडू बसला. आमची कप्तान धावत आली, पिशवी उघडली, स्प्रे दाबला. फुस्स. दुसरा दाबला. त्यातून तेवढंही नाही. मी कठड्याला टेकून उभा होतो. कोणीतरी बाहेरच्या रसवाल्याकडून बर्फ आणला, पण तोवर मुलगी लंगडत बाहेर बसली होती, आणि शेवटच्या मिनिटांत त्याच बाजूने आमच्यावर गोल झाला. घोटा दोन दिवसांत बरा झाला, ही देवाची कृपा.

सर आमच्या मुलीपुढे येऊन उभे राहिले. "फिर गर्दन पे मारा तुम लोगों ने?"

त्यालाही कारण होतं. मागे उकाड्यात या मुलींनी एकमेकींच्या मानेवर स्प्रे उडवला होता, आणि तिने ते स्वतःहून कबूल केलं होतं.

"नहीं सर. इस बार नहीं."

त्या 'इस बार'ने घात केला. सरांनी हात पुढे केला आणि तिने दंडावरची कप्तानाची पट्टी काढून त्यांना दिली. सगळा संघ बघत होता. आणि तेव्हा मी, तिचा बाप, पुढे होऊन म्हणालो, "जाने दीजिए सर, बच्ची है. ग़लती हो जाती है."

तिने माझ्याकडे वळून बघितलं. मी बुटांकडे.

तीन-चार दिवस गेले. रोज संध्याकाळी तिला आणायला जाताना मी ठरवायचो, आज सांगायचं, आणि रोज फाटकाशी पोचलो की उद्यावर ढकलायचो. एकदा नया बाजारात एका टेंपोमागे अडकलो होतो. ती म्हणाली, "बाबा, गोलकीपरनेच केलं असणार. मी तिच्याशी बोलणं बंद केलंय."

"अगं, असं कसं..."

"मग कोणी केलं? आई पण म्हणते, खरं खरं सांग. तुम्ही तरी मानता ना, की मी नाही केलं?"

"मानतो," मी म्हणालो. "शंभर टक्के."

"थँक यू, बाबा. बस, एक तुम्हीच आहात."

मला तिच्यावर विश्वास ठेवायची गरजच नव्हती. मला माहीत होतं. आणि त्याबद्दल ती माझे आभार मानत होती. टेंपो हलला, मागून हॉर्न सुरू झाले. मी गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. साडू, टांगा, साय, टोपणं, सगळं.

आधी ती हसली. तिला वाटलं, मी तिचं मन रमवायला गोष्ट रचतोय. मग हसू थांबलं.

"इंटरकूलरवर?"

"हो."

"त्या डब्यावर आगीचं चित्र असतं, बाबा! गरम इंजिनवर मारलं तुम्ही? पागल हो क्या आप?" चिडली की ती हिंदीत जाते. "आणि वरून मला बच्ची म्हणालात. सबके सामने."

"मी आज रात्री सरांना फोन करतो."

"फोन नाही. तिथे येऊन सांगा. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी नवे स्प्रे घेऊन मैदानावर गेलो. मुली पाणी पीत बसल्या होत्या. रात्रभर जुळवलेली वाक्यं फाटकातच सांडली. मी म्हणालो, "सर, वो दोनों स्प्रे मैंने ख़ाली किए थे. अपनी गाड़ी पर. कप्तान का कोई हाथ नहीं था, न किसी और लड़की का. मैं सब से माफ़ी माँगता हूँ."

सर म्हणाले, "गाड़ी पर? क्यों, गाड़ी को मोच आई थी?"

मुली फिदीफिदी हसल्या. गोलकीपर तर आडवीच पडली. किला गेटची ती मुलगी घोटा दाखवत म्हणाली, "अंकल, मैं तो आपको दुआएँ दे रही थी, कि आप कप्तान की तरफ़ से बोले!" सरांनी खिशातून पट्टी काढली आणि आमच्या मुलीच्या हातावर ठेवली.

तिने ती दंडावर चढवली नाही. मुठीत धरून माझ्यापुढे उभी राहिली. तेव्हा लक्षात आलं, मी सगळ्यांची माफी मागितली होती, तिची अजून नाही. मुली ऐकत होत्या, सर ऐकत होते. मी मराठीतच बोललो.

"स्प्रे संपवला ते एक. पण तू खरं बोलत होतीस आणि मी तुला खोटं पाडलं. तुझ्यासमोर, सगळ्यांसमोर. ते माझं फार चुकलं, बाळा. मला माफ कर."