तासाभराचं विमान, दिवसभराची गाडी

किया ओरा मंडळी, आज वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआहून लिहितेय.

इथे राहणारी माझी धाकटी बहीण सायली गेल्या आठवड्यात बाळंत झाली. आईचा व्हिसा अजून आलेला नाही, म्हणून सकाळी मीच ऑकलंडहून निघाले. वेलिंग्टनपर्यंतचं हवाई अंतर पाचशे किलोमीटरही नाही. तासाभराचं विमान.

पण आज वेलिंग्टनला वारं भलतंच होतं. पायलटने दोनदा उतरायचा प्रयत्न केला आणि शेवटी विमान परत ऑकलंडला आणलं. दुसऱ्या विमानात जागा थेट उद्याची मिळत होती.

सायलीला फोन केला. "उद्या ये गं ताई, मी ठीक आहे," म्हणाली आणि रडायलाच लागली. मग माझेही डोळे भरून आले.

विमानात माझ्या शेजारी बसलेल्या अरोहा नावाच्या माओरी आजी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"मी भाड्याची गाडी घेऊन निघतेय. पोरिरुआ वाटेतच लागतं. चल."

ओळख ना पाळख, पण मी बसले. आलटून पालटून चालवत आठ तास लागले. टाउपोला थांबलो तेव्हा सायलीसाठी केलेले डिंकाचे लाडू मी पुढे केले.

"बाळंतिणीचे आहेत ना? मग एकच घेते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सायलीने दार उघडलं, बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "ताई, मी आधी निवांत आंघोळ करून येते."

ती अजून आतच आहे. बाळ माझ्या मांडीवर झोपलंय.

तुम्ही बसला असता का अशा अनोळखी बाईंच्या गाडीत?