देवखोलीत ठेवलेलं बुकिंग

शुद्धलेखनाच्या चुका असतील, आणि अक्षर तर कोंबडीच्या पायांसारखं आहे. त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीत शाळा सुटली, पुढे हाताला लिहायची सवय राहिली नाही. हे कोणी वाचावं म्हणून लिहीतही नाही. मला राग आला की बोलता येत नाही. तो कुठेतरी ठेवायला हवा.

राग आहे तो माझ्या दिराने कॉम्प्युटरमध्ये बांधलेल्या घराचा.

मिठबावला आमच्या घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. लोक वेबसाइटवरून बुकिंग करतात, ते आपोआप कॉम्प्युटरमधल्या तक्त्यात येतं. नवरा दिवसभर आंब्याच्या बागेत, म्हणून सकाळी तक्ता बघायचं काम माझं. पडद्यावर पिवळी पाकिटं एकाखाली एक असायची. त्यातलं वरून दुसरं बुकिंगचं. दोनदा दाबलं की कोण येणार, किती माणसं, मासे खाणारी की नाहीत, सगळं समोर. मला कोणी शिकवलं नव्हतं. नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहून बघितलं आणि आलं.

चतुर्थीला दीर पुण्याहून आला. तो तिथे कॉम्प्युटरचंच काम करतो. माझी पाकिटं बघून हसला.

"वयनी, ह्या म्हणजे पाट्यावर वाटण वाटल्यासारख्या झाला. मी तुका थ्रीडी करून देतंय. आपला घर जसा आसा तसाच आत. चलत जायचा, कपाट उघडायचा, हवा ता काढायचा. तुका शिकूकच नको!"

त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये एक महागाचं कार्ड घालावं लागणार होतं. मी कोकमाची सोलं विकून डीप फ्रीजरसाठी पैसे साठवले होते. बंदरावर मासळी स्वस्त असेल त्या दिवशी घेऊन ठेवता आली असती, पाहुणे आले की धावपळ नको. ते पैसे त्याने उसने मागितले. मालवणच्या होमस्टेवाल्यांना हे घर विकलं की पहिले तुझे पैसे, म्हणाला. मी मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं.

घर हुबेहूब होतं, ते खोटं सांगणार नाही. दारापुढचं खळं, पडवी, माजघर, सगळं. मोबाईलवर फोटो काढून त्याने आमच्याच भिंती आतल्या भिंतींना चिकटवल्या होत्या. देवखोलीत आमचेच देव, त्या सकाळच्या जास्वंदीसकट. बुकिंग सगळ्यात महत्त्वाचं म्हणून त्याने ते देवांसमोरच्या चौरंगावर ठेवलं आणि पुण्याला निघून गेला.

आता त्या घरात राहून बघा. पूर्वी दोनदा दाबलं की झालं. आता खळ्यातून चालायचं, पडवी चढायची, वळायचं. जरा जास्त वळलं की तोंड भिंतीला. पुढच्या वस्तूने मागची झाकली जाते, म्हणून विजेचं बिल बघायला तांदळाच्या डब्याला वळसा घालायचा. तो डबा तिथे कशाला? तर खऱ्या घरात आहे म्हणून. लाईट गेली की पुन्हा खळ्यात. मला मळमळायचं. खऱ्या स्वयंपाकघरात मी काळोखातसुद्धा मीठ काढते, कारण हाताला बरणी लागते. त्या घरात हाताला काय लागणार? काच. घरासारखं दिसलं म्हणून ते घर होत नाही, आणि कागदासारखं साधं होतं ते उगीच गेलं.

तरी मी रोज चालत होते. मग माझे बाहेर बसायचे दिवस आले. आमच्याकडे त्या दिवसांत बाई देवखोलीत जात नाही. मी सकाळी कॉम्प्युटरसमोर बसले, पडवीपर्यंत गेले, आणि माझा हात पुढे जाईना. आपलेच देव समोर दिसत होते. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बघा. त्यांना कारण सांगावं लागत नाही. ते बसले, माउस इकडेतिकडे फिरवला आणि ओरडले, "अगो, मी माळ्यावर आडाकलंय! खाली कसो येव?" कंटाळून उठले. बुकिंग काय असणार नाही, म्हणाले, आणि कुणकेश्वरला आलेल्या एका कुटुंबाला दोन्ही खोल्या देऊन टाकल्या.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची माणसं दारात. आगाऊ पैसे भरलेली, लहान मुलं घेऊन. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या भरवशावर आलो आम्ही." मी पदर तोंडाला लावून आत गेले. नवऱ्याने त्यांची शेजारी सोय केली, पैसे परत केले, आणि दिराला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता.

"बुकिंग देवखोलीत आसा. वयनीन उघडूकच नाय?" दीर म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. शेवटी मी बोलले. "भावजी, त्या दिवसांत मी देवखोलीत कशी जाऊ?"

मग तो हसला. "अगो वयनी, ती खरी देवखोली नाय, चित्र आसा ता!"

सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "कॅलेंडरावरचो देव काय खरो आसता? तरी तू परीक्षेक जाताना पाया पडा होतंस मा? मेल्या, बुकिंग ठेवक तुका देवखोलीच गावली? चुलीकडे काय झाला होता? आणि तिचे पैशे खंय आसत?"

"विकला गेला की देतंय, आये."

विकलं काही गेलं नाही. मालवणच्या एका होमस्टेवाल्याने ते थोडा वेळ फिरवून बघितलं आणि एवढंच विचारलं, "ह्यातसून भायर खंयसून पडूचा?" आमच्या कॉम्प्युटरवर नवऱ्याने कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडून पिवळी पाकिटं परत आणून घेतली. पाकिटं आली, फ्रीजर नाही.

दीर दर रविवारी आईला फोन करतो. पूर्वी मी फोन उचलून नुसता सासूबाईंच्या हातात द्यायचे. आता आधी म्हणायला लागले, "भावजी, फ्रीजरचे पैसे." एवढंच, मग फोन द्यायचा. पहिल्यांदा तो म्हणाला, "वयनी, तू वसुलीवाली कधीपासून झालंस?" मी फोन सासूबाईंच्या हातात ठेवला. पुढच्या रविवारी तेच वाक्य. हळूहळू त्याचं हसणं बंद झालं आणि थोडे थोडे पैसे यायला लागले.

उरलेले तो शिमग्याला घेऊन आला. सगळ्यांसमोर माझ्या हातात नोटा ठेवल्या आणि चेष्टेने म्हणाला, "मोजून घी हां, वयनी."

मी तिथेच उभी राहून मोजल्या. पूर्ण होत्या.