अप्पांनी बांधलेला पुडा

भीमाशंकरअप्पा गेले तेव्हा दिंद्रुडच्या बाजारपेठेत शोकसभा झाली. अप्पांच्या किराणा दुकानाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणून लोकांनी अर्जुनरावांना दोन शब्द बोलायला उभं केलं. अर्जुनराव उभे राहिले, टोपी सारखी केली आणि तसेच खाली बसले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गळा दाटून आला. खरी गोष्ट अशी की त्यांना काही ठाऊकच नव्हतं. अप्पांचं मूळ गाव कोणतं, मूलबाळ नसल्याचं त्यांना कधी वाईट वाटलं का, रात्री दुकानाच्या फळ्या लावल्यावर ते काय करायचे, यातलं एकही त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि जे एक ठाऊक होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. त्यात अप्पांपेक्षा अर्जुनरावच जास्त उघडे पडत होते.

अप्पा लिंगायत वाणी. कपाळाला भस्म, गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत. सगळीकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या तरी अप्पा माल कागदातच बांधायचे. वर आढ्याला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असे. दोरा खाली ओढायचा, पुड्याला चारी बाजूंनी फिरवायचा आणि हिसका देऊन तोडायचा. त्यांचा पुडा वाटेत सुटला असं कधी झालं नाही. दुसऱ्या दुकानांत साखरेबरोबर चौकशाही मिळायच्या. अप्पांकडे नुसती साखर मिळायची.

अर्जुनरावांची बायको छबुबाई कॅन्सरनं आजारी पडली. बार्शीच्या दवाखान्यात औषधं सुरू झाली आणि तिचे केस हातात यायला लागले. तिथंच एका संस्थेच्या बाईंनी तिला केसांचा टोप दिला. केस खरे होते, कुणीतरी दान केलेले. छबुबाई आरशासमोरून हलेना. अर्जुनरावांना मात्र तिच्याकडे बघवेना. ओढलेला चेहरा, गेलेल्या भुवया आणि वर ते काळेभोर, परके केस.

"हे घालून बाजारात जाऊ नको," ते म्हणाले. "लोक हसतेत."

छबुबाई गेली. परत आली ती हसतच.

"अप्पा काय म्हणले म्हाईत हाय का? म्हणले, वैनी, शिकेकाई देऊ का, नेहमीची?"

"मग?"

"मग काय! म्हणलं, द्या की!" आणि तिनं पुडा फडताळात ठेवला. दिवसभर ती आठवून आठवून हसत होती. आपल्या घरात जे आपल्याला जमलं नाही ते वाण्याला कसं जमलं, हे अर्जुनरावांना कळलं नाही. मनातून ते ओशाळले, पण तसं बोलले नाहीत.

त्याच सुमारास त्यांच्या मुलानं, तानाजीनं, केस वाढवायला घेतले. तानाजी जीप चालवायचा. "मायला कुनीतरी दिले, आपुन बी देऊ," एवढंच तो म्हणाला. स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला सोडत नसत. "तान्या, गजरा आणू का बे?" "आन की. पर मोगऱ्याचा आन, शेवंतीनं मला शिंका येतेत," तानाजी म्हणायचा आणि सीट भरायला हाका मारायला लागायचा. अर्जुनरावांच्या अंगावर मात्र काटा यायचा. लग्नाकार्यात ते त्याला टोपी घालायला लावायचे आणि मागच्या रांगेत बसवायचे. छबुबाई बाजेवर पडल्या पडल्या आपल्या वितीनं त्याची वेणी मोजायची. वीत भरली, वर चार बोटं झाली. दिवाळी झाली की कापायचं ठरलं.

दिवाळीच्या आधीच छबुबाई गेली.

दहाव्याला नदीवर भावकी जमली. पिंड ठेवायच्या आधी नाथा न्हाव्यानं वस्तरा काढला. पोरानं केस द्यायचे ते आता. तानाजी केस कोरडे ठेवून, घट्ट वेणी घालूनच आला होता.

"नाथा, आधी वेणी काप. मग डोक्याला पाणी लाव."

"वेणी काय करायची?" नाथानं विचारलं.

"पिशवीत ठेवायचीय. पाठवायचीय."

परमेश्वरनाना उठले. नाना म्हणजे अर्जुनरावांचे थोरले चुलतभाऊ, भावकीतलं मोठं माणूस. "सुतकाचे केस माघारी न्हेत न्हाईत. पाण्यात सोडायचे. आजाऱ्याच्या डोक्यावर मढ्याचे केस घालतो का बे?"

"मढ्याचे न्हाईत नाना, माझे हायेत," तानाजी म्हणाला. मग तो वडिलांकडे वळला. "बापू, तुमी सांगा की."

सगळ्यांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. दोन वर्षं त्या पोरानं टोमणे खाल्ले होते, ते त्यांना ठाऊक होतं. छबुबाईची वीत त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. तिच्या डोक्यावरचे केस कुणी, कुठल्या प्रसंगात दिले हे आपण कधी विचारलं नव्हतं, हेही त्यांच्या मनात आलं. पण लोकांसमोर नानांचं तोंड सुटलं तर काय, ही भीती त्याहून मोठी निघाली.

"नाना म्हणतेत तसं कर," ते म्हणाले आणि पायाखालच्या वाळूकडे बघत राहिले.

तानाजीनं मान खाली घातली. नाथानं वेणीवर कात्री ठेवली.

तेवढ्यात मागं, बाभळीच्या सावलीत बसलेले भीमाशंकरअप्पा धोतर सावरत उठले. नाथासमोर येऊन त्यांनी खांद्यावरचं उपरणं वाळूवर पसरलं.

"नाथा, हितं टाक."

"अप्पा, हे आमच्या घरचं हाय," नाना म्हणाले.

"म्हणूनच तुमच्या घरी न्हेत न्हाई. आमच्यात सुतक पाळीत न्हाईत, नाना. माझ्या घरात कुनाला बाधत न्हाई."

"आता केसाचा धंदा काढता का काय, वाण्या?"

"काढतो की. तराजू हायच घरी."

दोघं-तिघं हसले. नानांनाही नाइलाजानं हसू आलं, आणि हसलेल्या माणसाला पुन्हा रागावता येत नाही. नाथानं कात्री चालवली. वेणी उपरण्यात पडली. अप्पांनी ती गुंडाळली आणि अर्जुनरावांकडे न बघता गावाच्या वाटेला लागले. अर्जुनरावांना वाटलं, एकदा बघितलं असतं तर बरं झालं असतं. निदान मान खाली घालायला कारण मिळालं असतं.

सुतक फिटेपर्यंत वेणी अप्पांच्या दुकानात, उदबत्तीच्या खोक्यांमागं राहिली. पुढचं तानाजीनंच घरी सांगितलं. अप्पांनी कोऱ्या कागदात वेणी ठेवली, कीड लागू नये म्हणून कापराची वडी टाकली, वरून दोरा खाली ओढला आणि साखरेचा बांधावा तसा पुडा बांधला. माजलगावच्या पोस्टात त्यावर फक्त त्या संस्थेचा पत्ता चढला. ते केस कुणाच्या डोक्यावर गेले हे काही कळलं नाही. तसं कुणाला कळत नसतं.

मुलाची माफी अर्जुनरावांना एकदा कशीबशी मागता आली. म्हणजे जेवताना ते म्हणाले, "माझं चुकलं तवा." तानाजी म्हणाला, "वाढू का आनखी भाकर?" आणि ते तिथंच मिटलं. अप्पांशी बोलायचं मात्र राहिलं. दुकानात जाताना ते वाटेनं वाक्य जुळवायचे: अप्पा, त्या दिवशी जे मी म्हणायला पायजे व्हतं ते तुमी म्हणलाव. पण दुकानात बहुतेक वेळा कुणीतरी असायचं, आणि कुणी नसलं तर कुणीतरी आल्यावरच त्यांना सुटल्यासारखं वाटायचं.

अप्पा गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एका दुपारी दुकान अगदी रिकामं होतं. अप्पा गादीवर एकटेच बसले होते, जरासे सुकलेले. अर्जुनराव काउंटरला हात टेकून उभे राहिले. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं.

"काय देऊ, अर्जुनराव?"

"चहापत्ती."

"नेहमीचीच का?"

"नेहमीचीच."

अप्पांनी पुडा बांधला, दोरा तोडला आणि पुढं सरकवला.

"ऊन लई हाय. सावलीनं जा."

"व्हय. येतो मग."

"या."