नवमीला थांबवलेला पंप

हायड्रोजन धातूतही साठवता येतो असं मी सांगितलं, की आर्वीच्या आमच्या कॉलेजातले सहकारी "हो का" म्हणतात आणि चहा ओततात. त्यांचं काही चुकत नाही. मी बारावीला शिकवते, आणि बारावीला हे नाही.

ज्या काळात मला दुसरं काही सुचत नव्हतं, तेव्हा मी वर्ध्याला मॅग्नेशियमच्या भुकटीवर पीएचडी करत होते. हायड्रोजनचा रेणू धातूवर आपटतो, तुटतो, आणि त्याचे दोन अणू आत शिरून धातूशी बंध जोडतात. बंध फार घट्ट झाला तर तो सोडवायला भयंकर आच द्यावी लागते. सैल झाला तर हायड्रोजन आत थांबतच नाही. मॅग्नेशियमची पकड नको तितकी घट्ट. थोडं निकेल मिसळलं तर ती किती ढिली होते, आणि भर-रिकामं करत राहिलं तरी तशीच टिकते का, हे मला बघायचं होतं. भुकटी तापलेली असताना तिला हवा लागली की खेळ खलास. वर ऑक्साइडचा थर बसतो आणि मग हायड्रोजनला आत वाट नाही.

ती भुकटी दुसऱ्या संस्थेतून खेटे घालघालून मिळवलेली होती. पावसाळाभर चाचणी चालली होती, शेवटच्या फेऱ्या उरल्या होत्या. शिष्यवृत्ती दिवाळीला संपणार होती आणि माझे मार्गदर्शकही तेव्हाच निवृत्त होणार होते.

खांडेनवमीला वर्ध्याचं ते कॉलेज बंद होतं. मी प्रयोगशाळेची किल्ली घेऊन गेले होते. हिंगणघाटहून बाबा एसटीने आले, डब्यात पुरणपोळी घेऊन. कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर फिटर होते ते. तिथे नवमीला मशीन धुऊन, झेंडूचे हार घालून दिवसभर बंद ठेवत. त्या दिवशी बटनाला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

"आज तरी हे काऊन चालू ठेवून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"बाबा, हे बंद करता येत नाई," मी म्हटलं आणि खाली पाणी भरायला गेले.

वर आले तर खोली शांत होती. यंत्राला हळदकुंकू लागलं होतं, हार घातला होता, आणि भुकटीतून हवा ओढून घेणारा पंप बंद होता. आधी झडप बंद करायची असते. ती उघडीच होती, त्यामुळे बाहेरची हवा उलटी फिरून तापलेल्या भुकटीत गेली होती.

"वर्षातून एक दिवस मशीनले आराम द्या लागते, बाई," बाबा म्हणाले आणि माझ्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं.

मी ते खाल्लं. त्यांना स्टँडवर सोडून आले. नंतर भुकटी पुन्हा तापवून पाहिली, पुन्हा हायड्रोजन सोडून पाहिला. तिने जवळजवळ काहीच घेतलं नाही. मार्गदर्शक म्हणाले, आता वेळ उरला नाही. तो खरंच उरला नव्हता.

पुढे माझ्या लग्नात बाबा व्याह्यांना कौतुकाने सांगत होते, "पोरीच्या मशीनची पूजा मीच केलती." मी ऐकून घेतलं. मागच्या दसऱ्याला मात्र तेच पुराण जावयासमोर पुन्हा सुरू झालं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं, झडपेपासून दिवाळीपर्यंत. बाबांना यंत्र कळतं, त्यामुळे झडप त्यांना लगेच कळली.

मग म्हणाले, "तुह्या नशिबात नोतं, बाई."

मला संताप आला, अजूनही येतो. 'चुकलं माहं' एवढं म्हणाले असते तर मी त्यांच्या गळ्यात पडून रडले असते. त्यांनी पोळीवर तूप वाढलं आणि जावयाला विचारलं, यंदा कापसाला भाव काय राहील.