पावडर बदलू, नाहीतर मावशी बदलू

माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. एकाचाही नाही. महिनाभर घसा फोडून सांगत होते, की लोकांची पोटं बिघडतायत ती माझ्या हातानं नाही, पावडरीच्या डब्यातच काहीतरी आहे. पण चौथी शिकलेल्या बाईचं ऐकतो कोण? माणसाचे दंड वाढले की कान लहान होतात, हे मी जिममध्ये काम करून शिकले.

पनवेलला हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमची जिम. पहाटेचा झाडू-पोछा माझा आणि मग अकरापर्यंत शेकचं काउंटरही माझंच. दूध, केळं, बर्फ, एक स्कूप पावडर, घर्रर्र, की ग्लास पुढे. मिक्सरच्या तळाला पावडरीचा थर बसतो ना, तसे या काउंटरला किस्से बसलेत. आज खरवडावे, तर उद्या नवे!

पण मधला तो एक महिना मात्र जिवावर आला होता. सकाळच्या बॅचला शेक प्यायला की तासाभरात पोटात गुडगुड. झुंबा संपल्यावर बायका डोळे मिटून आडव्या पडायच्या, मॅडम हळू आवाजात म्हणायच्या, "मन शांत... शरीर शांत..." आणि कोपऱ्यातून एकीचं पोट उत्तर द्यायचं! जिममध्ये बाथरूम एकच. सव्वासातला ट्रेडमिल रिकामी आणि बाथरूमसमोर लाईन. मी म्हटलं, "हाच खरा कार्डिओ!"

कुणी हसलं नाही. जिमचे मालक दिनेश शेठ तर अजिबात नाही. भिंतीवर त्यांचा आठ फुटी फोटो आहे, अंगाला तेल चोपडून, दोन्ही दंड वर केलेला. त्या फोटोखाली उभं राहून त्यांनी निकाल दिला, "आधी पावडर बदलू. तरी तक्रार आली, तर मावशी बदलू."

माझ्या नवऱ्याची कंबर गेल्यापासून रिक्षा दारात उभी आहे. घर या काउंटरवर चालतं. पण खरं सांगू? पगारापेक्षा ते 'मावशीचा हात घाण' म्हणालेलं जास्त लागलं.

*

पावडर निवडायची म्हटल्यावर पहिले पुढे आले कुलकर्णी काका. बँकेतून रिटायर, गुडघ्यासाठी सायकल मारतात. सायकलवर बसतात कमी, वाचतात जास्त. डबा घेतला, भिंग काढलं आणि डब्याच्या पाठीवरची अक्षरं अर्धा तास वाचली. कर्जाचा कागद कुणी एवढा वाचत नाही!

मग आमच्या ट्रेनरला, विकी सरांना, विचारलं, "हे व्हे व्हे म्हणजे नक्की काय?"

विकी सर सुरू झाले. "काका, व्हे म्हणजे प्युअर चीज. आयसोलेट अलग, कॉन्सन्ट्रेट अलग, बॉडी में फास्ट ॲब्सॉर्ब होतं..."

काकांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "काका, पनीर करताना दूध फाटतं आणि पाणी सुटतं बघा. ते सुकवून केलेली भुकटी."

काकांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे आमची ही जे मोरीत ओतते, ते?"

"तेच."

"चाळीस वर्षं ओततेय ती!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हजर. हातात पाण्याची बाटली, आत पिवळसर पाणी. काकूंनी पनीर केलं होतं. नाही, चुकले. काकूंना पनीर करायला लावलं होतं! बाटली काउंटरवर ठेवून म्हणाले, "मावशी, यात फक्त केळं घाला. आणि विकीला सांगू नका, तो यातसुद्धा आयसोलेट शोधेल."

*

तरी काउंटरवर पहिली पावडर आली ती विकी सरांच्या पसंतीची. डबा एवढा, की माझा गॅसचा सिलेंडर त्याच्याशेजारी लहान भाऊ दिसावा. वर दात विचकलेला गोरिला.

मी विचारलं, "सर, हे खाऊन आपण असे होणार, की याला खाऊ घालायचंय?"

"मावशी, ये सिरियस लोगों का डबा है."

सिरियस लोकांत पहिला नंबर निलेशचा. करंजाड्याचा पोरगा, पोलीस भरतीची तयारी करतो. धावण्यात हरीण, पण घोडं अडलेलं छातीपाशी. श्वास भरून छाती पाच सेंटीमीटर फुगावी लागते, त्याची चारला थांबायची. त्याला वाटलं, हा गोरिला ते एक सेंटीमीटर देईल. दोन स्कूपचा शेक घटाघट प्यायला आणि तसाच विकी सरांपुढे उभा राहिला. "सर, टेप लावा!"

सरांनी टेप लावली. श्वास भर म्हणाले. निलेशनं डोळे मोठे करून श्वास भरला. छाती तिथंच, पण खाली पोटानं मात्र टी-शर्ट वर उचलला!

काका सायकलवरून म्हणाले, "निलेश, पोटाची भरती निघाली की सांगतो हं तुला."

पोरगा हसायला गेला आणि हसता हसता एकदम गंभीर झाला. मग जो पळाला! सोळाशे मीटरला पळतो त्याहून जोरात. बाथरूमचं दार आपटलं आणि सगळ्या जिमनं वळून माझ्याकडं बघितलं. गोरिल्याकडं कुणी बघितलं नाही.

*

त्या दिवशी शेठनी माझा मिक्सर तपासला. भांडं उचललं, नाकाशी नेलं, हुंगलं. चारचौघांसमोर!

माझं डोकंच फिरलं. भांडं त्यांच्या हातातून घेतलं, पाती काढली, रबर काढलं, सगळं त्यांच्यासमोर घासलं, उकळत्या पाण्यानं विसळलं. मग त्याच भांड्यात पाणी ओतून मी स्वतः प्यायले. म्हटलं, "घ्या, आता हुंगा! आणि हुंगायचंच असेल ना शेठ, तर लॉकरमधले बूट हुंगा. त्यांनी माणूस आडवा होतो, माझ्या मिक्सरनं नाही!"

शेठ दोन पावलं मागं सरले. पण म्हणाले ते म्हणालेच, "शनिवारपर्यंत बघतो मावशी."

*

दुसरी पावडर खारघरच्या प्रज्ञानं सुचवली. कॉम्प्युटरवर काम करते, पोरगी गुणी, पण खाण्याचं तिचं रोज नवं. तिनं वाटाण्याची पावडर आणायला लावली.

"मावशी, हे प्लांट-बेस्ड आहे. क्लीन असतं."

"बाई, आमच्याकडं महिनाअखेरीला रोज प्लांट-बेस्डच असतं!"

तिनं सांगितल्याप्रमाणे पालक घातला, काकडी घातली, दोन स्कूप वाटाणा घातला. मिक्सर फिरवला. रंग असा, की जुन्या टाकीचं झाकण उघडल्यागत. प्रज्ञानं एक घोट घेतला. गिळेना, थुंकेना. डोळ्यांत पाणी.

मला दया आली. ग्लास परत घेतला, मीठ घातलं, भाजलेलं जिरं चुरडून घातलं, लिंबू पिळलं, हिरवी मिरची अर्धी. परत घर्रर्र. तिनं घाबरत घाबरत चाखलं आणि ओरडली, "ओ माय गॉड, मावशी!" लगेच फोटो काढला, मोबाईलवर टाकला, खाली इंग्रजीत चार ओळी.

दुसऱ्या दिवशी झुंबाच्या सात बायकांना तेच पाहिजे. मी हवेत! वाटलं, सुटले आपण. तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात जाडसर बाई काउंटरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "मावशी, यासोबत पाव मिळेल का?"

पाव नव्हता. आणि तासाभरात बाथरूमसमोर सातही जणी होत्या.

*

शुक्रवारी शेठ म्हणाले, आता चवीचा निकाल लावू. जुनी धरून तीन पावडरींचे तीन ग्लास, खाली चिठ्ठ्या. विकी सरांनी डोळ्यांवर नॅपकिन बांधला. "मावशी, आठ साल से इस लाइन में हूँ. जिभेवर ठेवला की ब्रँड सांगतो."

पहिला प्यायले, "हलका है." दुसरा प्यायले आणि उसळलेच! "ये! इसमें दम है! सीधा मसल में जा रहा है! हाच ठेवा शेठ, हाच!" दंड फुगवून दाखवला सगळ्यांना.

शेठनी मला विचारलं, "दुसऱ्या ग्लासात कुठली पावडर?"

मी म्हटलं, "कुठलीच नाही. तेवढ्यात दूध उतू जायला लागलं, घालायचीच राहिली. नुसतं केळं आणि खजूर आहे."

विकी सरांनी नॅपकिन काढलाच नाही बराच वेळ.

पण मला त्यातून एक कळलं. काकांनी आणि निलेशनं तोच बिनपावडरचा ग्लास वाटून घेतला होता आणि त्या दिवशी दोघांचीही पोटं ठणठणीत! मिक्सर तोच, दूध तेच, हात माझाच. मी शेठना म्हटलं, "आता तरी पटलं का?"

"योगायोग," शेठ म्हणाले. त्यांना काय, म्हणा! त्या महिन्यात अख्ख्या जिममध्ये मजेत होते ते एकटे तेच. रोज शेक पीत होते आणि रोज शिट्टी वाजवत बाथरूममधून बाहेर येत होते!

*

आता शेवटचं ऐका.

आमची जिम दुपारी बारा ते चार बंद असते. त्या शुक्रवारी मी घरी गेलेच नाही. व्यायामाच्या चटया रचून ठेवतात, त्यांच्या मागं डबा उघडून जेवत बसले. म्हटलं, ज्या पावडरीच्या डब्यापायी उद्या माझी नोकरी जाणार, त्याची राखण तरी करू.

एकच्या सुमाराला शटरचं छोटं दार उघडलं. शेठची आई आत आली. वरच्याच मजल्यावर राहतात. सत्तरीच्या पुढच्या, पण जिना धरत नाहीत. रोज दुपारी खाली येऊन उदबत्ती लावतात, वजनांना, मशीनींना, भिंतीवरल्या लेकाच्या फोटोला. नवीन काही आलं की त्याला हळदकुंकू. पावडरीच्या डब्यांनाही! गोरिल्याच्या कपाळाला त्यांनीच टिळा लावला होता.

त्यांनी आजही डब्यांना उदबत्ती ओवाळली. मग पदराआडून एक बरणी काढली. एकेक झाकण उघडलं, बरणीतलं तपकिरी काहीतरी दोन-दोन चमचे आत टाकलं आणि माझ्याच स्कूपनं ढवळलं!

मी चटयांमागून उठले ती सरळ त्यांचा हात धरला. "आई! काय टाकता हे?"

म्हातारी दचकलीसुद्धा नाही. "हिरडा हाय गो. न् सोनामुखी. महिना झाला टाकते, तुला आज दिसलं?"

"अवो, सोनामुखी? अख्ख्या बॅचची पोटं धुऊन निघाली!"

"मग चांगलंच झालं की. पोट साफ तर माणूस साफ."

"न् माझी नोकरी साफ! उद्या मला काढतायत शेठ. म्हणतात, मावशीचा हात घाण."

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. बरणीचं झाकण लावत म्हणाल्या, "हे मला कोनी बोललं नाय गो. उद्या सकाळी येते मी खाली."

शनिवारी सकाळी सातची बॅच भरलेली. शेठ फोटोखाली उभे. मी म्हटलं, "शेठ, मला काढायच्या आधी आईंना विचारा, त्या डब्यात काय टाकतात."

आणि परत तेच! कुणाचा विश्वास नाही. काका मान हलवायला लागले. विकी सर म्हणाले, "मावशी, अब आजी पे डाल रहे हो?" शेठ तर लालबुंद. "माझ्या आईचं नाव घेता? लाज नाही वाटत?"

"ती कशाला लाजेल?" दारातून आवाज आला. आई चपला काढून आत आल्या, बरणी हातातच. "मीच टाकते. हिरडा न् सोनामुखी. तिला कोनी काय बोलायचं नाय."

जिममधलं गाणं कुणीतरी बंद केलं. निलेश रडवेल्या आवाजात म्हणाला, "आजी, माझी छाती राहिली ना तुमच्यापायी..." काका सायकलवरून उतरून खालीच बसले.

शेठचा आवाज चिरकला. "आई, अगं तीस माणसं आजारी पाडलीस! माझ्या धंद्याची वाट लावलीस! कुणासाठी केलंस हे? कुणी सांगितलं होतं तुला?"

"सांगितलं नाय कोनी. पन दुखनं कोनाचं, ते मला ठाव हाय."

"कोण आहे तो? नाव सांग! आत्ताच्या आत्ता, सगळ्यांसमोर नाव सांग!"

"सांगू?"

"सांगच!"

आईंनी आधी त्या आठ फुटी फोटोकडं बघितलं. मग सगळ्या बॅचकडं.

"ही पांढरी भुकटी खाऊन आठ-आठ दिवस पोट कोंडून संडासात बसून 'आई गं, आई गं' वरडत व्हता, तो कोन? न् हातात चूर्ण दिलं तर वास येतो म्हनून थुकून टाकनारा कोन?"

"कौन, आजी?" विकी सरांना राहवेना.

"कोन म्हंजे? हा आमचा दिन्या!"