दोन पांढरी पिंपं

आजीने दुधाच्या पावडरीचा डबा उकिरड्यावर पालथा केला, तळावर दोन थापट्या मारल्या आणि रिकामा डबा माझ्या पायाशी आणून ठेवला.

"डबा न्या. डब्यानं काय केलं नाय," ती म्हणाली.

तिच्यामागे ओटीवर तिचा आठ महिन्यांचा नातू पडला होता. दोन दिवस त्याला जुलाब होत होते. आता तो रडतही नव्हता. त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहायची. अंगातलं पाणी संपत आलं की असं होतं. त्याची आई आत तापाने फणफणली होती, तिच्या अंगावरचं दूध आटलं होतं.

मी तेव्हा सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. डॉक्टर माणसांना औषध देतात, आम्ही विहिरींना. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूरच्या खालच्या अंगाची ही वाडी दोन दिवस पाण्यात राहिली. पाणी ओसरलं तेव्हा घरात चिखल, गोठ्यात मेलेली गुरं आणि विहिरीत या सगळ्याचा अर्क. अशा विहिरीत ब्लीचिंग पावडर कालवून टाकायची, पाणी ढवळायचं आणि तासभर थांबायचं. पावडर पांढरी, वास नाकात झोंबणारा. एवढं केलं की पाणी पिण्यालायक होतं.

मदतीचा ट्रक आला त्यात दोन प्रकारची पिंपं होती. काहींत परदेशातून आलेली दुधाची पावडर, काहींत माझी ब्लीचिंग. दोन्ही पांढरी. पिंपंही सारखीच, वर लिहिलेलं सगळं इंग्रजीत. ट्रकभोवती उभ्या असलेल्यांत इंग्रजी वाचणारा मी एकटा.

मी बादली काढली तेवढ्यात आमचे हेल्थ ऑफिसर आले.

"कर्णिक, आज विहिरीत काही टाकू नका. चारला पाहुणे येताहेत दूधवाटपाला. त्या वासाने त्यांना ठसका लागतो."

"साहेब, पुरातली विहीर आहे."

"मग एका दिवसाने काय बिघडतंय? विहीर काय पळून जाते?"

"बरं साहेब," मी म्हणालो. हे दोन शब्द मी नोकरीत हजारदा उच्चारले असतील. त्या दिवशीचे तेवढे लक्षात आहेत.

पाहुणे साडेपाचला आले. ज्या वाडीत निम्म्या घरांवर छप्पर नव्हतं, तिथे आंब्याच्या डहाळ्यांची कमान मात्र शाबूत उभी होती. भाषण झालं. मग विहिरीचं पाणी काढून त्यात पावडर ढवळली गेली. आजीच्या नातवाला पाहुण्यांनी मांडीवर घेतलं, चमच्याने दूध पाजलं आणि फोटो नीट येईना म्हणून पुन्हा पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहीर साफ केली. दुपारपर्यंत वाडीतल्या पोरांना जुलाब सुरू झाले.

वाडीने जे पाहिलं ते असं. काल सरकारने पोरांना पांढरी पूड पाजली. आज सरकारच्या माणसाने तीच पूड विहिरीत टाकली आणि बेडूक उलटे होऊन वर आले. मी त्या वाडीत जन्मलो असतो तर माझाही हिशोब हाच झाला असता. संध्याकाळी त्यात भर पडली. महायुद्धात लष्कराने आसपासच्या जमिनी घेतल्या होत्या, मग फाळणीनंतर तिथे निर्वासितांचा कॅम्प वसला. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवंच होतं, आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. आता कॅम्प वाढवायला सरकारला ही वाडी रिकामी हवी, म्हणून पूड. मी या गोष्टीत खोट शोधत बसलो आणि मला वाटलं होतं तेवढ्या लवकर ती सापडली नाही.

लोकांनी विहीर सोडली. बाया नदीच्या डोहातून पाणी आणू लागल्या. डोहाच्या वर, करंजाच्या मुळांत एक म्हैस फुगून अडकलेली होती. म्हणजे वाडीतलं एकमेव स्वच्छ पाणी त्या विहिरीत होतं आणि तिला कोणी शिवत नव्हतं.

मी बदलापुरात जाऊन साहेबांना गाठलं. त्यांनी पत्रक काढायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत गठ्ठा आला. 'अफवांवर विश्वास ठेवू नये. दूध पूर्णपणे शुद्ध आहे.'

"साहेब, पाण्याचंही लिहायला हवं होतं. उकळून प्या म्हणून."

"म्हणजे पाण्यात दोष होता असं कबूल करायचं? तेही पाहुण्यांच्या हातून पाजलेल्या?"

"होताच ना."

"कर्णिक, दूध शुद्ध आहे की नाही?"

"आहे."

"मग पत्रकात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. मी गठ्ठा सायकलला बांधला. वाडीत वाचता येणारे दोघेच. त्यातला एक अंबरनाथला आगपेटीच्या कारखान्यात कामाला गेला होता आणि दुसऱ्याचा चष्मा पुरात.

डबा पायाशी आला तो त्याच दिवशी. मी शास्त्राचा आधार घेतला. विहिरीचं पाणी पेल्यात घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी निळं झालं. निळं होणं चांगलं, पाण्यात ब्लीचिंग शिल्लक आहे आणि जंतू मेले असा त्याचा अर्थ. मी पेला उंच धरून तसं सांगितलं.

"आदी पांडरं व्हतं, आता निलं झालं," मागून कोणीतरी म्हणालं. दोन बाया उठून गेल्या.

मग मी दुसरा पेला भरला आणि सगळ्यांसमोर प्यालो.

"तुमाला उतारा ठावं असंल," आजी म्हणाली.

तेवढ्यात कॅम्पातून बैलगाडी आली. गाडीत दोन माणसं, एक भली मोठी देग आणि देवीबाई. फाळणीत घरदार सोडून आलेली, साठीची सिंधी बाई. पूरग्रस्तांसाठी खिचडी शिजवायला आली होती. सांडलेली पावडर पाहून ती हसली.

"हमने भी चूना समझा था, साईं. दीवार को लगाके देखा. फिर दो साल यही पिया." मग तिने विचारलं, "पानी उबाला था ना?"

माझी नजर विहिरीकडे गेली. आजीला हिंदी फारसं येत नसावं, पण ती नजर तिला समजली. ती जवळ आली.

"सायब, खरं बोला. पावने आले त्या दिशी बाव साफ केली व्हती?" बाव म्हणजे विहीर.

मी ओटीवर ठेवलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. पोराकडे पाहिलं. ते डोळे अर्धे उघडे ठेवून पडलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "करायला आलो होतो. पाहुण्यांना वास नको म्हणून थांबलो. दूध चांगलं होतं, आजी. पाणी खराब होतं. पूड टाकली ती दुसऱ्या दिवशी, आणि ती वेगळी. आता बाव चांगली आहे. डोह वाईट आहे."

 

"हां," आजी म्हणाली. "मंग तीन दिस ह्ये कुटं ठेवलं व्हतं?"

तिने दोन्ही पिंपांतली पूड हुंगून पाहिली. माझ्या पिंपापाशी खोकली, दुसऱ्यापाशी नाही. मग तिने स्वतः कळशी उचलली आणि विहिरीवर गेली.

देवीबाईने देगेत पाणी चढवलं. कॅम्पातल्या डॉक्टरने तिला सांगून पाठवलं होतं, आधी दूध नको, पेजेचं पाणी, मीठ घालून. आजी चमचा चमचा पाजू लागली. पहिले तीन चमचे बाहेर आले. चौथा राहिला. मी ओटीच्या कडेला बसून चमचे मोजत होतो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा पोर रडलं. बारीक आवाजात, पण डोळ्यांत पाणी आणून. अंगात पाणी आल्याशिवाय डोळ्यांत येत नाही. आजीने माझ्याकडे न पाहता पदराने त्याचं तोंड पुसलं.

पोर वाचलं. इतर पोरंही आठवड्याभरात सावरली. पंधरा दिवसांनी मला मेमो आला. 'अफवेस दुजोरा का दिला याचा लेखी खुलासा करावा.' मी लिहिलं, 'अफवा पुडीविषयी होती. मी पाण्याविषयी बोललो.' हा खुलासा असमाधानकारक ठरला आणि माझी बदली झाली.

नोकरीत नंतरही अफवा पुष्कळ पाहिल्या. लोक खोट्यावर विश्वास ठेवतात ही तक्रार मी करत नाही. खरं आपल्याच खिशात ठेवून ती करता येत नाही.

पत्रकांचा गठ्ठा मी त्या दिवशी ओटीवरच विसरलो होतो. पुराने वाडीतली सगळी लाकडं ओली होती आणि देगेखालची चूल काही केल्या धरत नव्हती. आजीने पत्रकं मूठमूठ आत सारली. पाणी उकळायचं पत्रकात राहून गेलं होतं. ते काम पत्रकांनी असं पार पाडलं.